मार्जिनवर बुडालेल्या घरातला मुलगा : बेंजामिन ग्रॅहम

स्मृतिदिन विशेष

बेळगाव असो, इंदूर असो की बडोदा, पुस्तकांच्या दुकानात शिरलं की पुढच्याच मांडणीवर पैशाची पुस्तकं दिसतात. ‘रिच डॅड पुअर डॅड’, ‘द सायकॉलॉजी ऑफ मनी’ ही तर मराठीतही आली आहेत. दर वर्षी खपाच्या यादीत दोन-चार नवी नावं चढतात, दोन-चार जुनी उतरतात. या गर्दीत एक जाडजूड पुस्तक मात्र ठाण मांडून बसलेलं आहे. नाव ‘द इंटेलिजंट इन्व्हेस्टर’. छापलं गेलं १९४९ साली. विकत घेणारे पुष्कळ, शेवटच्या पानापर्यंत जाणारे थोडे, आणि ते लिहिणाऱ्या माणसाच्या आयुष्यात काय घडलं हे माहीत असणारे त्याहूनही थोडे.

लेखकाचं नाव बेंजामिन ग्रॅहम. वॉरेन बफे यांचे गुरू, एवढीच त्यांची ओळख आपल्याकडे सांगितली जाते. २१ सप्टेंबर हा ग्रॅहम यांचा स्मृतिदिन. शेअर बाजारात सावध कसं राहावं हे अवघ्या जगाला शिकवणाऱ्या या माणसाचं घर लहानपणी बाजारातच बुडालं होतं. आणि पुढे, सगळं कळत असताना, ते स्वतःही त्याच खड्ड्यात पडले होते. त्यांचं पुस्तक समजून घ्यायचं तर आधी हे दोन तोटे समजून घ्यायला हवेत.

चिनीमातीचं दुकान आणि पाच डॉलरचा चेक

बेंजामिन यांचा जन्म मे १८९४ मध्ये लंडनमधल्या एका ज्यू कुटुंबात झाला. आडनाव तेव्हा ग्रॉसबाउम. वडील ऑस्ट्रिया-जर्मनीतून चिनीमातीच्या वस्तू, शोभेच्या बाहुल्या मागवून विकायचे. बेन वर्षाचा असताना हे कुटुंब न्यूयॉर्कला आलं. धंदा चांगला चालला. घरात स्वयंपाकीण, मोलकरीण, मुलांना शिकवायला फ्रेंच बाई, असा थाट होता.

१९०३ मध्ये वडील वारले. वय अवघं ३५. मागे पत्नी डोरोथी आणि तीन मुलगे. बेन सगळ्यात धाकटा, नवव्या वर्षात. धंदा म्हणजे वडिलांच्या ओळखी आणि वडिलांची जीभ, ती गेल्यावर उरलं फक्त सामान. डोरोथीबाईंनी दुकान चालवून बघितलं, जमलं नाही. मग घरात भाडोत्री ठेवून त्यांना जेवू घालायचा उद्योग केला, तोही तोट्यात गेला. शेवटी जवळ उरलेल्या पैशातून त्यांनी यू. एस. स्टील या मोठ्या कंपनीचे शेअर घेतले. तेही मार्जिनवर.

मार्जिन म्हणजे काय, हे इथेच सांगायला हवं. शेअरच्या किमतीचा थोडा भाग आपण रोख भरायचा आणि बाकीची रक्कम दलालानं उधार द्यायची. भाव चढला तर थोड्या पैशात मोठा नफा. पण भाव थोडासा जरी पडला तरी पहिला फटका आपल्या पैशाला बसतो. दलाल म्हणतो, आणखी पैसे भरा. नाही भरले तर तो शेअर विकून आपली उधारी वसूल करतो आणि आपल्या हातात काहीच राहत नाही. कंपनी चांगली आहे का वाईट, याला इथे किंमत नसते. पुढे भाव परत चढला तरी आपण आधीच बाहेर फेकले गेलेलो असतो.

१९०७ च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कमध्ये बँकांवर पैसे काढायला रांगा लागल्या, बाजार कोसळला आणि डोरोथीबाईंचे पैसे गेले. यू. एस. स्टील कंपनी मात्र कुठेही गेली नाही. ती पुढे कित्येक दशकं चालली.

त्या दिवसांतला एक प्रसंग बेनच्या मनावर कायमचा कोरला गेला. आईचा चेक वटवायला तो बँकेत गेला होता. काउंटरवरच्या माणसानं आतल्या साहेबाला विचारलं की या बाईंच्या खात्यावर पाच डॉलर देण्याइतकी पत आहे का. ते पोराच्या कानावर पडलं. पैसा गेल्यावर पाठोपाठ पत जाते आणि ती चारचौघांत जाते, हे १३-१४ वर्षांच्या मुलाला कुठल्याही पुस्तकाशिवाय समजलं.

प्राध्यापकी सोडून वॉल स्ट्रीट

मुलगा विलक्षण हुशार होता. ग्रीक, लॅटिन, गणित, सगळ्यात पुढे. शाळा सांभाळून मिळेल ते किरकोळ काम करायचा. कोलंबिया विद्यापीठाच्या शिष्यवृत्तीसाठी त्यानं अर्ज केला आणि ती मिळाली नाही. नंतर उलगडलं ते असं, की कार्यालयात ग्रॉसबाउम आडनावाच्या दोन मुलांचे कागद एकमेकांत मिसळले होते. दुसरा ग्रॉसबाउम म्हणजे त्याचाच चुलत भाऊ. या घोटाळ्यात बेनचं वर्ष गेलं. पुढच्या वर्षी प्रवेश मिळाला तेव्हा त्यानं अडीच वर्षांत पदवी उरकली आणि १९१४ साली वर्गात दुसरा आला.

पदवी हातात पडायच्या आधीच इंग्रजी, गणित आणि तत्त्वज्ञान अशा तीन विभागांनी त्याला शिकवायला बोलावलं. विशीतल्या मुलाला हा मान दुर्मीळच. पण घरची परिस्थिती बघून कॉलेजच्या डीननी त्याला वॉल स्ट्रीटचा रस्ता दाखवला. न्यूबर्गर, हेंडरसन अँड लोब या दलाली पेढीत आठवड्याला १२ डॉलरवर तो रुजू झाला. सुरुवात कागद इकडून तिकडे पोचवण्यापासून आणि फळ्यावर भाव लिहिण्यापासून. पहिलं महायुद्ध आलं, जर्मन वळणाच्या आडनावांकडे अमेरिकेत संशयानं बघायला लागले आणि ग्रॉसबाउमचं ग्रॅहम झालं.

त्या काळचा शेअर बाजार आतल्या गोटातल्या माणसांचा होता. कंपन्या हिशेब नीट जाहीर करत नसत, आणि केले तरी वाचणार कोण? अमका मोठा माणूस खरेदी करतोय, तमकी टोळी भाव वर नेतेय, अशा कुजबुजीवर व्यवहार व्हायचे. ग्रॅहम यांनी एक साधी गोष्ट केली. ते कंपन्यांचे हिशेब वाचायला लागले.

१९१५ मध्ये गुगेनहाइम एक्सप्लोरेशन ही कंपनी बंद करायचं ठरलं. तिच्याकडे तांब्याच्या खाणींच्या दुसऱ्या कंपन्यांचे शेअर होते. ग्रॅहम यांनी त्यांची बाजारभावानं बेरीज केली. गुगेनहाइमचा एक शेअर मिळत होता ६८.८८ डॉलरला, आणि त्याच्या वाट्याची मालमत्ता होती ७६.२३ डॉलरची. कंपनी मोडून वाटप झालं की मधला फरक खिशात. यात कुठली टिप नव्हती आणि भविष्यही सांगायचं नव्हतं. वाण्याच्या दुकानातल्या हिशेबासारखा हिशेब होता, फक्त तो करायला कुणी बसलं नव्हतं.

एका सभेची गोष्ट

१९२६ मध्ये त्यांनी साडेचार लाख डॉलरच्या भांडवलावर ‘बेंजामिन ग्रॅहम जॉइंट अकाउंट’ नावानं लोकांचे पैसे सांभाळायला सुरुवात केली. पुढे जेरोम न्यूमन हे भागीदार आले आणि ही जोडी तीस वर्षं टिकली. ग्रॅहम शोधायचे, न्यूमन व्यवहार रेटायचे.

याच सुमारास नॉर्दर्न पाइपलाइनचं प्रकरण घडलं. रॉकफेलर यांची स्टँडर्ड ऑइल ही कंपनी १९११ मध्ये न्यायालयानं तोडली. तिच्या तुकड्यांत तेलवाहिन्यांच्या काही लहान कंपन्या होत्या. या कंपन्या भागधारकांना त्रोटक हिशेब पाठवायच्या. पण सरकारच्या एका आयोगाकडे त्यांना सविस्तर माहिती द्यावी लागते, हे ग्रॅहम यांच्या ध्यानात आलं. ते रेल्वेनं वॉशिंग्टनला गेले, दप्तर मागवलं आणि पानं चाळायला बसले. नॉर्दर्नचा शेअर ६५ डॉलरला मिळत होता आणि कंपनीनं रेल्वेच्या रोख्यांत वगैरे गुंतवून ठेवलेला पैसाच शेअरमागे ९५ डॉलरचा निघाला. धंद्याला त्या पैशाची गरजही नव्हती.

त्यांनी शेअर जमवले आणि व्यवस्थापनाला जाऊन सांगितलं की हा पैसा भागधारकांचा आहे, त्यांना वाटून टाका. उत्तर मिळालं ते हाकलून लावणारं. जानेवारी १९२७ मध्ये ते पेनसिल्व्हेनियातल्या ऑइल सिटी या लहानशा गावी वार्षिक सभेला गेले. सभेला कंपनीचीच माणसं. ग्रॅहम ठराव मांडायला उभे राहिले, तर अनुमोदक पाहिजे म्हणून त्यांना खाली बसवलं. अनुमोदन देणार कोण? ते एकटेच आले होते. पतसंस्था, सोसायट्या आणि साखर कारखान्यांच्या सभा बघितलेल्या आपल्या वाचकांना हे दृश्य ओळखीचं वाटेल.

ते गप्प परतले. वर्षभर भागधारकांच्या घरी माणसं पाठवून मुखत्यारपत्रं गोळा केली आणि १९२८ च्या सभेत पाचांपैकी दोन संचालक आपले निवडून आणले. कंपनीला शेअरमागे ७० डॉलर वाटावे लागले. बाहेरच्या माणसानं हिशेब दाखवून कंपनीला वाकवण्याचा प्रकार तिथे तोपर्यंत फारसा कुणी बघितलेला नव्हता.

त्या वर्षी कोलंबियात त्यांनी संध्याकाळचा वर्ग सुरू केला. बाजार जोरात होता, त्यामुळे वर्ग खचाखच भरायचा. उदाहरण म्हणून सर जी कंपनी फळ्यावर घेतील ती घ्यायची, असा बऱ्याच विद्यार्थ्यांचा हिशेब. डेव्हिड डॉड नावाचे तरुण प्राध्यापक मात्र मागे बसून टिपणं काढत होते.

ज्याला सगळं कळत होतं, तोही बुडाला

१९२९ उजाडलं तेव्हा ग्रॅहम यांच्या खात्यात २५ लाख डॉलर होते. वय ३४. सेंट्रल पार्कसमोरच्या नव्या इमारतीत त्यांनी दोन मजल्यांची मोठी जागा दहा वर्षांच्या करारानं भाड्यानं घेतली, दिमतीला नोकरचाकर ठेवले.

ऑक्टोबर १९२९ मध्ये बाजार कोसळला. त्या वर्षी त्यांचं नुकसान २० टक्के झालं. आजूबाजूच्यांची अवस्था बघता हे काहीच नव्हतं. खरी चूक पुढे झाली. पडझड संपली, आता सगळं स्वस्त मिळतंय, असं समजून त्यांनी हात आवरला नाही. आणि हे सगळं उधारीवर चाललं होतं, त्याच मार्जिनवर, ज्यानं आईचे पैसे नेले होते.

१९३० च्या सुरुवातीला फ्लोरिडात ९३ वर्षांच्या एका निवृत्त व्यापाऱ्याशी त्यांची भेट झाली. म्हाताऱ्यानं बारीक चौकशी केली. लोकांचे पैसे किती, नफा किती, कर्ज किती. आणि मग सल्ला दिला की उद्याच्या गाडीनं न्यूयॉर्कला जा, सगळं विकून कर्ज फेडून टाक, लोकांचे पैसे परत कर. एवढं वय झालेल्या माणसाला आजचा बाजार काय कळणार, असा विचार करून ग्रॅहम यांनी ते मनावर घेतलं नाही. या भेटीबद्दल त्यांनी नंतर आठवणींत स्वतःच लिहून ठेवलं आहे, आणि ऐकलं असतं तर पुढचं पुष्कळ टळलं असतं ही कबुलीही दिली आहे.

१९३० मध्ये खातं ५० टक्के खाली आलं. १९३१ मध्ये आणखी १६ टक्के. १९३२ मध्ये आणखी ३. चार वर्षांत जवळजवळ ७० टक्के भांडवल गेलं. अमेरिकेचा डाऊ निर्देशांक सप्टेंबर १९२९ च्या शिखरावरून जुलै १९३२ पर्यंत ८९ टक्के कोसळला होता, हे खरं. पण ज्यांचे पैसे गेले त्यांना निर्देशांकाची टक्केवारी सांगून काय उपयोग?

ग्रॅहम यांचा मोबदला नफ्यातून होता आणि नफा नव्हता. कित्येक वर्षं खात्यातून त्यांना काही मिळालं नाही. मोठी जागा सोडून कुटुंब साध्या घरात गेलं. पत्नी हेझेल पुन्हा नाचाचे वर्ग घ्यायला लागल्या. शिकवणं, लेख लिहिणं आणि खटल्यांत कंपन्यांचं मूल्य ठरवून साक्ष देणं यावर घर चाललं. खातं बंद करून हात झटकणं सोपं होतं. ते या दोघा भागीदारांनी केलं नाही. न्यूमन यांच्या सासऱ्यांनी अडचणीच्या वेळी भांडवल घातलं आणि १९३५ च्या अखेरीस तूट भरून निघाली. जे ग्राहक थांबले त्यांचे पैसे परत आले. जे सर्वात वाईट दिवसांत काढून घेऊन गेले त्यांचे मात्र गेले ते गेलेच.

तोट्यातून निघालेलं पुस्तक

या काळातच ग्रॅहम आणि डॉड लिहायला बसले. वर्गातल्या टिपणांवरून १९३४ मध्ये ‘सिक्युरिटी ॲनालिसिस’ हा सातशेहून जास्त पानांचा ग्रंथ आला. शेअरचं नाव काढलं की लोक तोंड फिरवत होते तेव्हा शेअर कसा तपासावा याचं पुस्तक! त्याआधी १९३२ मध्ये ‘फोर्ब्स’ मासिकातल्या लेखांत त्यांनी दाखवून दिलं होतं की न्यूयॉर्कच्या बाजारातल्या सुमारे एक तृतीयांश औद्योगिक कंपन्या त्यांच्याकडच्या निव्वळ चालू मालमत्तेपेक्षाही कमी भावात मिळतायत. म्हणजे कारखाना फुकट आणि वर गल्ल्यातले पैसेही सवलतीत. १९२९ मध्ये वाटेल त्या भावाला धावणारे लोक १९३२ मध्ये फुकटही घेत नव्हते. कंपन्या त्याच होत्या, माणसांचं मन फिरलं होतं.

हा मोठा ग्रंथ अभ्यासकांचा झाला. सामान्य माणसासाठी १९४९ मध्ये आलं ‘द इंटेलिजंट इन्व्हेस्टर’. यातल्या दोन गोष्टी जगभर पोचल्या.

पहिली म्हणजे ‘मिस्टर मार्केट’. समजा एखाद्या धंद्यात आपला एक भागीदार आहे. तो रोज दारात येतो आणि भाव सांगतो, या भावाला तुझा हिस्सा मला दे नाहीतर माझा तू घे. कधी तो हर्षवायू झाल्यासारखा भलताच चढा भाव सांगतो, कधी जग बुडाल्यासारखं तोंड करून मातीमोल. रोज येतो, नाही म्हटलं तरी रागावत नाही, उद्या परत हजर. आता या माणसाच्या सांगण्यावरून आपण आपल्या धंद्याची किंमत ठरवायची का? ग्रॅहम यांचं म्हणणं एवढंच की त्याचा भाव फायद्याचा असेल तेव्हा व्यवहार करा, एरवी दार लावून घ्या. आज हा भागीदार दारात येत नाही. तो मोबाइलमध्ये बसला आहे आणि दर सेकंदाला भाव सांगतो.

दुसरी गोष्ट पुस्तकाच्या शेवटच्या प्रकरणात आहे. तिचं नाव ‘मार्जिन ऑफ सेफ्टी’. शब्द तोच, मार्जिन. अर्थ अगदी उलटा. दलालाकडचं मार्जिन म्हणजे आपल्याकडे नसलेल्या पैशावर उड्या. ग्रॅहम यांचं मार्जिन म्हणजे चुकायला ठेवलेली जागा. आपल्या हिशेबानं एखादी वस्तू लाखाची असेल तर तिला साठ-पासष्ट हजारच द्यायचे. अंदाज वीस हजारांनी चुकला तरी मुद्दल शाबूत राहतं. माणूस चुकणारच, हे इथे आधीच धरलेलं आहे. जवळजवळ ७० टक्के भांडवल गमावलेल्या माणसालाच हे एवढ्या ठामपणे लिहिता येतं.

बाकीचं पुस्तक वाणिज्य शाखेच्या सरांनी शिकवावं तसं आहे. नीट तपासणी, मुद्दलाची सुरक्षितता आणि समाधानकारक परतावा, या तीनही गोष्टी असतील तर ती गुंतवणूक. एरवी तो सट्टा. सट्टा करायचाच तर थोडे पैसे वेगळे काढून, वेगळ्या खात्यात करा. सगळे पैसे शेअरमध्ये नकोत आणि सगळे रोख्यांतही नकोत. कुठल्याही एका बाजूला २५ टक्क्यांच्या खाली आणि ७५ टक्क्यांच्या वर जायचं नाही. दर महिन्याला ठरावीक रक्कम घालत राहण्याची पद्धतही त्यांनी सुचवली आहे. आज गावागावांत एसआयपी म्हणून ओळखतात ती हीच रीत.

शिष्य आणि एक नियम मोडलेला सौदा

१९५० च्या सुरुवातीला अमेरिकेतल्या ओमाहा गावच्या १९ वर्षांच्या वॉरेन बफे यांनी हे पुस्तक वाचलं. हार्वर्डनं प्रवेश नाकारल्यावर त्यांना कळलं की पुस्तकाचा लेखक कोलंबियात शिकवतो. ते तिथे गेले. वर्ग संपल्यावर फुकट काम करायची तयारी दाखवली, तरी ग्रॅहम यांनी नकार दिला. वॉल स्ट्रीटच्या बऱ्याच पेढ्या तेव्हा ज्यू तरुणांना घेत नसत, म्हणून आपल्याकडच्या मोजक्या जागा ग्रॅहम त्यांच्यासाठी राखून ठेवायचे. अखेर १९५४ मध्ये त्यांनी बफे यांना बोलावून घेतलं. बफे यांनी त्याच वर्षी जन्मलेल्या मुलाच्या नावात ग्रॅहम हे नाव घातलं.

गुरूच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा नफा मात्र गुरूच्याच नियमांत बसत नव्हता. १९४८ मध्ये ग्रॅहम-न्यूमन कंपनीनं गायको या मोटार विमा कंपनीचा निम्मा हिस्सा सुमारे सात लाख डॉलरला घेतला. थोडे थोडे पैसे पुष्कळ ठिकाणी विभागून ठेवा, हा त्यांचाच उपदेश; आणि इथे भांडवलाचा मोठा भाग एकाच जागी. शिवाय फंडाला विमा कंपनीचा एवढा हिस्सा ठेवता येत नाही, असा नियम निघाला आणि ते शेअर भागधारकांना वाटून टाकावे लागले. गायको वाढत गेली आणि या एका सौद्यानं बाकी सगळ्या सौद्यांपेक्षा जास्त कमावून दिलं. ग्रॅहम यांनी पुस्तकाच्या पुढच्या आवृत्तीत, नाव न घेता, हे स्वतः सांगून टाकलं. हुशारीनं मिळालं का नशिबानं, याचा निकाल त्यांनी आपल्या बाजूनं लावून घेतला नाही.

१९५५ मध्ये अमेरिकेच्या सिनेटच्या समितीपुढे त्यांची साक्ष झाली. स्वस्तात पडून राहिलेल्या शेअरची खरी किंमत बाजाराला शेवटी कशामुळे कळते, असं अध्यक्षांनी विचारलं. हे आपल्यालाही उकललेलं नाही, पण उशिरा का होईना तसं घडतं एवढं अनुभवानं माहीत आहे, अशा अर्थाचं उत्तर त्यांनी दिलं. ज्यांच्या शब्दाला बाजारात वजन होतं, त्यांनी असं सांगणं सोपं नव्हतं.

हिशेबात न बसलेलं

पैशाच्या हिशेबात पक्का असलेला हा माणूस घरच्या हिशेबात कच्चा निघाला. तीन लग्नं झाली. पहिला मुलगा आठ-नऊ वर्षांचा असताना आजारानं गेला. पुढे झालेल्या मुलाला त्यांनी त्याचंच नाव दिलं. त्यानं १९५४ मध्ये, सैन्यात फ्रान्सला असताना, आत्महत्या केली. माणसांत मिसळणारे, विनोदी, उदार, पण जवळच्यांपासून मनानं लांब राहणारे असं त्यांचं वर्णन ओळखीचे लोक करत. आपला हा दोष त्यांनी आठवणींत लपवलेला नाही.

पैसा हा त्यांचा एकमेव नाद नव्हताच. त्यांनी नाटक लिहिलं, ते ब्रॉडवेवर १९३४ मध्ये आलं आणि आठवड्याच्या आत बंद पडलं. उरुग्वेचे लेखक मारियो बेनेदेत्ती यांची कादंबरी त्यांनी स्पॅनिशमधून इंग्रजीत आणली. धान्य आणि कच्च्या मालाचे साठे ठेवून चलन स्थिर कसं करता येईल यावर दोन पुस्तकं लिहिली. शेअरचा सल्ला देणाऱ्यांची डॉक्टर-वकिलांसारखी परीक्षा असावी, हा आग्रह त्यांनी १९४० च्या दशकात धरला. १९६३ मध्ये पहिली सीएफए परीक्षा झाली. आज बेळगाव-हैदराबादची वाणिज्य शाखेची मुलंही ती परीक्षा देतात.

१९५६ मध्ये, चांगली कमाई चालू असताना, त्यांनी आणि न्यूमन यांनी कंपनी बंद केली. ग्रॅहम कॅलिफोर्नियाला गेले, तिथल्या विद्यापीठात शिकवलं, पुस्तकाच्या आवृत्त्या सुधारत राहिले. चौथी सुधारित आवृत्ती १९७३ ची, तिला बफे यांचा हातभार. अखेरची वर्षं थोडी कॅलिफोर्नियात, थोडी दक्षिण फ्रान्समध्ये गेली.

१९७६ मध्ये गायको दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर आली. साठ डॉलरच्या वर गेलेला शेअर दोन डॉलरच्या आसपास उतरला. ग्रॅहम यांच्या स्वतःच्या पैशाचा मोठा भाग अजून तिथेच होता. त्याच वर्षी दिलेल्या एका मुलाखतीत त्यांनी सांगितलं की एकेका कंपनीच्या खोल तपासणीवर आपला आता पूर्वीइतका विश्वास राहिलेला नाही. सगळेच तपासायला लागलेत, त्यामुळे साध्या दोन-तीन कसोट्या लावून स्वस्त शेअरचा गट घ्यावा हे बरं. चाळीस वर्षांपूर्वी आपणच घातलेला पाया आपणच तपासून बघायची तयारी वयाच्या ८२ व्या वर्षी होती. २१ सप्टेंबर १९७६ रोजी फ्रान्समधल्या एक्स-आं-प्रोव्हान्स इथे त्यांचं निधन झालं. गायकोची घडी पुढे बसली. तिचे शेअर त्या पडझडीत बफे विकत घेत होते.

पुस्तक घरात आहे, पण...

ग्रॅहम गेले, पुस्तक राहिलं. २००३ मध्ये जेसन झ्वाइग यांच्या टिपणांसह ते नव्यानं आलं आणि दहा लाखांवर प्रती खपल्या. त्यातली १९६०-७० मधली अमेरिकी उदाहरणं आज वाचताना जड जातात. त्यांनी शोधले तसे मातीमोल शेअर आता क्वचित सापडतात. तरीही पुस्तक खपतं. पण खपणं आणि मनावर घेणं यात फरक आहे.

सेबीनं सप्टेंबर २०२४ मध्ये एक पाहणी जाहीर केली. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स आणि ऑप्शन्समध्ये उतरलेल्या एक कोटीहून जास्त व्यक्तींपैकी ९३ टक्के लोक तोट्यात गेले. सरासरी तोटा माणशी सुमारे दोन लाख रुपये. एकूण १.८ लाख कोटींच्या वर. हे पैसे कुठल्या एका राज्याचे नव्हेत. सीमेच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या, दोन्हीकडच्या घरांतले आहेत. कुणाची ग्रॅच्युइटी, कुणाच्या मुलीच्या लग्नाची मुदतठेव, कुणी सोसायटीतून काढलेलं कर्ज. थोडे पैसे भरून मोठा सौदा करायचा, ही १९०७ मधल्या डोरोथीबाईंचीच रीत, फक्त आता दलालाच्या पेढीऐवजी ती मोबाइलवर चालते.

ग्रॅहम यांच्या आयुष्यातून घ्यायचं ते इथे आहे. डोरोथीबाई मूर्ख नव्हत्या, अडचणीत होत्या. ग्रॅहम अडाणी नव्हते, वर्गात दुसरे आलेले होते. दोघांनाही उधारीनं बुडवलं. अडचण किंवा हुशारी, दोन्ही माणसाला असं वाटायला लावतात की या वेळी आपण चुकणार नाही. आपण चुकू शकतो हे मान्य करून जो आधी जागा सोडून ठेवतो, तो पडला तरी उठतो.

दुकानातल्या मांडणीवर ते जाड पुस्तक पुढच्या वर्षीही असेल. सगळं वाचवत नसेल तर शेवटचं प्रकरण आधी वाचलं तरी चालेल. आणि सौदा टाकण्याच्या आधी स्वतःला एकच विचारावं, हे मार्जिन दलालाचं आहे की आपलं.